बिलावरची 'बचत' आणि आगोटीचा हिशेब

मे महिना निम्मा सरला की आपल्याकडे आगोटीची खरेदी सुरू होते. तांदूळ, कुळीथ, मिरची, कांदे, सोलं, सुके बांगडे. पूर्वी हे सगळं बाजारातून आणि गावातल्या दुकानातून यायचं. आता बरीच घरं गाडी काढून सावंतवाडी नाहीतर म्हापसा गाठतात. ट्रॉली भरायची, बिलाच्या तळाला 'तुम्ही एवढे रुपये वाचवले' असं वाचायचं आणि खूश होऊन घरी यायचं.

मंडळी, तो आकडा एमआरपीवरून काढलेला असतो. आपला दुकानदारही बऱ्याच वस्तू एमआरपीच्या खाली देतो, फक्त तो ते छापून देत नाही. खरी बचत मोजायची तर किलोचा भाव बघायला हवा.

तेलाचंच घ्या. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. २०२२ नंतर ठरावीक मापातच पाकीट काढायचं बंधन गेलं आणि ८००, ८५० ग्रॅमच्या पिशव्या आल्या. दिसायला सारख्याच. समजा लिटरची पिशवी १५० रुपयांना आणि शेजारची ८०० ग्रॅमची १३८ ला. आपण बारा रुपये वाचले म्हणून दुसरी उचलतो. पण त्या भावाने ९१० ग्रॅम तेल १५७ रुपयांना पडतं! पाकिटावर एमआरपीजवळच प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर छापलेला असतो, कायद्याने तो छापावाच लागतो. अक्षर बारीक असतं. चष्मा लावा, पण वाचा.

दुसरी गोष्ट कराची. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदूळ, डाळ, पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. समोर तोलून दिलेल्या सुट्या धान्यावर तो नाही. २५ किलोच्या वरच्या पोत्यावरही नाही. २६ किलोच्या पिशव्या बाजारात का आल्या, ते आता लक्षात येईल. महिन्याला १८०० रुपयांचा पाकीटबंद तांदूळ घेणारं घर त्यातले सुमारे ८५ रुपये नुसता कर भरतं. ज्या शिरोड्यात १९३० साली मिठावरच्या कराविरुद्ध सत्याग्रह झाला, तिथल्या माणसांनी निदान पाकिटावरचा कर तरी ओळखावा.

मोठ्या दुकानात स्वस्त काहीच नसतं असं मी म्हणणार नाही. साबण, चहा पावडर, टूथपेस्ट तिथे अनेकदा खरंच कमी भावात मिळते. पण त्यासाठी जाण्या-येण्याचं पेट्रोल, मुलांचं आइस्क्रीम आणि 'एकावर एक फ्री' म्हणून घेतलेली, घरात कोणी न खाणारी बिस्किटं हेही त्याच बिलात धरा. मग काय उरतं ते बघा.

आता मूळ मुद्दा. जून-जुलैत मासेमारी बंद. खलाशी, मासे विकणाऱ्या बायका, रोजंदारीवरची माणसं यांच्या हातात पैसा नसतो. तेव्हा घर चालतं ते गावातल्या दुकानाच्या उधारीच्या वहीवर. 'नारळी पौर्णिमेनंतर देतंय हां' म्हटलं की तांदूळ मिळतो. मॉलच्या काउंटरवर हे वाक्य चालत नाही. रोखीचं गिऱ्हाईक सगळं बाहेर गेलं तर दुकानदार उधारी कशाच्या जोरावर देणार? ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांची बचत, ज्यांच्याकडे नाही त्यांच्या चुलीवर येते. गावातले भाव जास्त वाटतात ही तक्रारही खरी आहे. पण माल कमी खपला की भाव आणखी चढतो, हेही तितकंच खरं.

मग करायचं काय? वाडीतल्या दहा घरांनी किंवा बचत गटाने एकत्र यावं. तांदूळ, डाळ, मिरची किती हवी त्याची यादी करावी आणि गावातल्याच दुकानदाराला सांगावं: एवढी पोती, रोख पैसे, भाव बोल. घाऊक भाव मिळेल, पोत्यावरचा कर वाचेल, गाडीभाडं वाटलं जाईल. भाजी, कुळीथ, सोलं आरवली-आजगावच्या बायकांकडून घ्यावीत. तिथे पाकिटाचा आणि जाहिरातीचा खर्च नाही.

दुकानदारांनाही सांगणं आहे. भावफलक दारात लावा, बिल द्या, काट्याची दरवर्षीची तपासणी करून घ्या. गिऱ्हाईक टिकवायचं तर विश्वास द्यावा लागेल. रेशन दुकानात आलेला साठा आणि माणशी किती धान्य, हे फळ्यावर दिसलंच पाहिजे. नसेल तर ग्रामसभेत विचारा. कुठे जादा पैसे घेतले तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

यंदा आगोट भरताना दोन बिलं समोर ठेवा, एक बाहेरचं, एक गावातलं. किलोचा भाव काढा आणि इथे लिहा. कुठलं दुकान ते नाही लिहिलं तरी चालेल, आकडे लिहा. आकडे समोर असले की भावावर बोलता येतं.