पदकाचें माप

पिंपरीच्या संत तुकाराम नगरांत परवां पोरांचा वाद आमच्यासमोर जुंपला. विलायतेचा व्हिक्टोरिया क्रॉस मोठा, अमेरिकेचें मेडल ऑफ ऑनर मोठें, कीं आपलें परमवीर चक्र? एकानें तर कोणत्या देशानें किती पदकें दिलीं हें मोजून निकालही लावून टाकला.

हा हिशेब खोटा आहे. अमेरिकेंत यादवी युद्धाच्या वेळीं शिपायाच्या शौर्याला हेंच एक पदक होतें, म्हणून तें सढळ हातानें वांटलें गेलें. पुढें चौकशी बसली आणि १९१७ सालीं ९११ नांवें यादींतून काढलीं. आपलें परमवीर चक्र १९५० सालीं सुरू झालें. तें आजवर २१ जणांनाच मिळालें, त्यांपैकीं १४ जणांना मरणोत्तर. शेतकरी बंधूंनो, एकाचें धान्य पायलीनें आणि दुसऱ्याचें शेरानें मोजून रास कोणाची मोठी, हें ठरवितां येईल काय?

आम्ही दुसरेंच माप लावतों : पदकाचें दार कोणाला उघडें होतें? व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ सालीं निघाला. त्यांत गोरा शिपाई आणि त्याचा साहेब एका पंक्तीला बसले, हें चांगलेंच झालें. पण हिंदी शिपायाला त्या पंक्तींत १९११ पर्यंत पाट नव्हता. रणांगण तेंच, रक्त तेंच, आणि पदकाला मात्र सोवळें!

दार उघडल्यावर काय झालें तें पाहा. दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणींतल्या दोघांनीं तो क्रॉस मिळविला. एक साधा नाईक, दुसरा साधा शिपाई. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत माणगांवकडच्या यशवंत घाडगे यांच्या तुकडींतले बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे मशीनगनवर धांवले. गोळ्या भरावयास सवड नव्हती तेव्हां बंदूकच सोट्यासारखी चालविली, आणि तेथेंच देह ठेवला. नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर आधीं दोन जखमी सोबती खोल पाण्यांतून व सुरुंगांच्या पट्ट्यांतून वाहून आणले. मग शत्रूचीं तीन मशीनगनचीं ठाणीं बंद पाडलीं.

आणि परमवीर रामा राघोबा राणे? मूळचे कारवारकडचे, पलटण बॉम्बे सॅपर्स, जिचें ठाणें येथून जवळच खडकीला. एप्रिल १९४८ मध्यें राजौरीच्या वाटेवर, मांडीला जखम असतांना, त्यांनीं रणगाड्यांपुढचे सुरुंग काढले, आडवीं टाकलेलीं झाडें हटविलीं. म्हणजे काम रस्ता मोकळा करण्याचें! ज्यांच्या घरांत पहार आणि घण आहे, त्यांना ह्या शौर्याची किंमत आम्हीं काय सांगावी?

वाद घालणाऱ्या पोरांना आम्हीं ह्या तिघांचीं नांवें विचारलीं. अमेरिकेच्या पदकाच्या फितीचा रंग सांगणाऱ्यालाही त्यांतलें एक आलें नाहीं. येत्या शनिवारीं शाळेच्या फळ्यावर तीं तिन्ही नांवें मोठ्या अक्षरांत लिहावयाचीं आम्हीं ठरविलें आहे.