मोसंबीच्या रसाला फ्रीझरमध्ये जागा द्या

जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही आंबिया बहाराचा माल एकदम बाजारात आला की भाव कोसळतात आणि घराघरांत जास्तीची फळं सुकून वाया जातात. ही नासाडी रस काढून गोठवला तर थांबवता येते.

रस नुसता काढून ठेवला तर काही तासांत कडवट होतो, कारण बिया आणि पांढऱ्या सालीतलं लिमोनिन हे कडू द्रव्य. म्हणून बिया आणि पांढरी साल न चिरडता रस काढावा, गाळून लगेच झिपच्या पिशवीत भरावा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, तेवढी जागा राखून हवा काढावी, पिशवी फ्रीझरमध्ये आडवी ठेवावी. पातळ थर लवकर गोठतो.

वीज बराच वेळ गेली आणि रस वितळून कोमट झाला, तर तो पुन्हा गोठवू नये. पिशवी मात्र धुऊन, वाळवून पुन्हा वापरावीच.