कडी कोणी लावायची?

26 नोव्हेंबरला शाळाशाळांत तुकाराम ओंबळे, हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर या हुतात्मा पोलिसांची नावे घेतली जातात. ती घेतलीच पाहिजेत. पण 2008 मध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला त्या रात्री हातात काठीसुद्धा नसलेल्या दोन माणसांनीही खूप जीव वाचवले. शिक्षकांना, प्राचार्यांना आणि शिपायांना शिकण्यासारखे अधिक काही आहे ते या दोघांपाशी.

कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे रात्रपाळीला होत्या. त्यांच्या कक्षात 20 गरोदर स्त्रिया होत्या. बंदूकधारी आत शिरल्याचे दिसताच त्यांनी कक्षाची दारे लावली, दिवे मालवले आणि साऱ्या बायकांना एका टोकाच्या लहानशा पँट्रीत नेऊन बसवले. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा भिंतीच्या कडेकडेने तिला प्रसूतिगृहात पोचवले तेही त्यांनीच. त्याआधी थोड्याच वेळापूर्वी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे यांना आपल्या काचेच्या खोलीतून गोळीबार दिसला. त्यांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि फलाट क्रमांक एकच्या बाजूने बाहेर पडा, असे प्रवाशांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्या स्थानकावर पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. झेंडे बोलले नसते तर हा आकडा कुठे गेला असता, याचा अंदाजही नकोसा वाटतो.

दोघांनीही वरून आदेश येण्याची वाट पाहिली नाही. आमच्या मते शाळा-महाविद्यालयांच्या सुरक्षेचा सगळा विचार इथून सुरू व्हायला हवा. शस्त्रधारी माणूस आवारात शिरला तर दाराच्या सर्वांत जवळ असलेल्या माणसाला निर्णय घेण्याचा अधिकार आहे की नाही, हा पहिला प्रश्न आहे. कॅमेरे, कुंपण आणि रखवालदार त्याच्यानंतर येतात.

गोव्यात असे कशाला होईल, असे कुणी म्हणेल. अमेरिकेतल्यासारखा बंदुकांचा सुळसुळाट आपल्याकडे नाही हे खरेच, आणि तो नसल्याबद्दल आपण कायद्याचे ऋणी आहोत. पण डिसेंबर 2007 मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत आठवीतल्या मुलावर वर्गमित्रांनीच गोळ्या झाडल्या. एप्रिल 2023 मध्ये पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यात एक माणूस पिस्तूल घेऊन भरल्या वर्गात उभा राहिला. एका पोलीस अधिकाऱ्याने त्याच्यावर झडप घातली म्हणून मुले सुखरूप सुटली. त्याच वर्षी नोव्हेंबरात केरळमधल्या त्रिशूर येथे माजी विद्यार्थ्याने शाळेत येऊन एअरगन चालवली. 30 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबईत पवईच्या एका स्टुडिओत 17 मुलांना ओलीस धरले गेले. आपल्याच डिचोलीत 2023 मध्ये एका विद्यालयात वर्गात मिरचीचा फवारा मारल्याच्या प्रकारानंतर अकरा मुलींना रुग्णालयात न्यावे लागले होते. रानडुकरांपासून पिके राखण्यासाठी दिलेल्या परवान्याच्या बंदुका गोव्याच्या गावांत आहेत, आणि कोयता तर प्रत्येक घरात आहे. एकतर्फी प्रेमातून चिडलेला तरुण, जमिनीच्या वादाने भडकलेला पालक, दोन टोळक्यांची जुनी खुन्नस, यातले काहीही एखाद्या सकाळी शाळेच्या फाटकातून आत येऊ शकते. शक्यता कमी आहे, शून्य नाही. त्यामुळे तयारीही त्याच मापाची हवी. मुलांच्या मनात धास्ती बसेल इतकी ती नको, आणि कुणालाच काही सुचू नये इतकी ढिलाईही नको.

जिथे हे वारंवार घडले तिथले अनुभव निर्णयाच्या प्रश्नावरच बोट ठेवतात. 16 एप्रिल 2007 रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांना गोळ्या घालण्यात आल्या. विद्यार्थ्यांना पहिला सूचनेचा ईमेल गेला 9 वाजून 26 मिनिटांनी. त्यानंतर जेमतेम पंधरा मिनिटांत त्याच हल्लेखोराने नॉरिस हॉलमध्ये गोळीबार सुरू केला आणि आणखी तीस जणांचा बळी घेतला. मधले दोन तास काय कळवायचे आणि केव्हा कळवायचे यातच गेले होते. नॉरिस हॉलच्या वर्गांना आतून कुलूप लावता येत नव्हते. 76 वर्षांचे प्राध्यापक लिव्हियू लिब्रेस्कू यांनी दार अंगाने रेटून धरले, विद्यार्थी खिडक्यांतून खाली उड्या टाकून वाचले, आणि ते स्वतः मात्र गेले. 24 मे 2022 रोजी टेक्सासमधल्या युव्हाल्डीच्या प्राथमिक शाळेत 19 मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तिथे एकूण 376 सुरक्षा कर्मचारी जमले, तरी हल्लेखोराला संपवायला 77 मिनिटे लागली. माणसे होती, शस्त्रे होती; हुकूम कोणी द्यायचा याचा मात्र घोळ झाला होता.

हा घोळ आपल्याला अनोळखी नाही. 3 मे 2025 च्या पहाटे डिचोली तालुक्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे जीव गेले. त्याच वर्षी 6 डिसेंबरच्या रात्री हडफडे येथे नाइट क्लबला आग लागून 25 जण मेले. त्यांत बहुतेक तिथे राबणारे कामगार होते. दोन्ही दुर्घटनांची कारणे वेगळी, चौकश्याही वेगळ्या. पण गर्दी थांबवा, दार उघडा, संगीत बंद करा, एवढे सांगण्याचा हक्क जागेवरच्या कोणाकडे आहे, हे अशा ठिकाणी आधी ठरलेले असते का? आपल्या संस्थांमध्ये शिपाई मुख्याध्यापकांकडे पाहतो, मुख्याध्यापक व्यवस्थापनाकडे, व्यवस्थापन शिक्षण खात्याकडे. सुट्टी द्यायची असली तरी परिपत्रकाची वाट पाहिली जाते. संकट मात्र परिपत्रक वाचून येत नाही.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण इथे अंतरे आहेत. मोपला विमानतळ झाला, महामार्ग रुंद झाला, तरी गंभीर जखमीला अखेर म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावेच लागते. तेरेखोलला पोलिसांना केरीची फेरीबोट धरावी लागते, नाहीतर सिंधुदुर्गातून वळसा घालावा लागतो. अनेक सरकारी प्राथमिक शाळा एकशिक्षकी आहेत. तिथे शिक्षिका हीच मुख्याध्यापक, रखवालदार आणि कारकून. विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालयाची किंवा साखळीच्या शासकीय महाविद्यालयाची गोष्ट वेगळी, तिथे शेकडो तरुण एकाच वेळी आवारात असतात. पण दोन्हीकडे पहिली दहा मिनिटे आतल्या माणसांचीच असणार. रुग्णवाहिकेचा 108 आणि पोलिसांचा 112 हे क्रमांक पाठ असले तरी ती दहा मिनिटे कोणी बाहेरून आणून देणार नाही.

मग करायचे काय? सुरुवात दारापासून करावी. आपल्या अनेक वर्गांना बाहेरून कुलपासाठी कडी-कोयंडा असतो, आतली कडी एकतर मोडलेली किंवा मुळातच नसलेली. खिडक्यांना लोखंडी गज असतात, त्यामुळे खिडकीतून बाहेर पडण्याची वाट बहुतेक ठिकाणी बंद. अशा वर्गात आतून लागणारी मजबूत कडी ही चैन नव्हे. तिला फार खर्चही येत नाही. सुताराचे एका दिवसाचे काम आहे. मागचे फाटक सुरक्षेच्या नावाखाली कायम कुलूपबंद असेल, तर त्याची किल्ली कोणाच्या खिशात आहे हे दोन-तीन माणसांना तरी ठाऊक हवे.

दुसरी गोष्ट घंटेची. आगीच्या वेळी मुलांना वर्गाबाहेर काढून मैदानावर रांगेत उभे करतात. शस्त्रधारी माणूस आवारात असताना तेच केले तर मुले त्याच्यासमोर नेऊन उभी केल्यासारखे होईल. तेव्हा दोन्हींसाठी एकच घंटा चालणार नाही. ध्वनिक्षेपक असेल तर साध्या मराठीत किंवा कोंकणीत धोका काय आणि कुठे आहे ते सांगावे. सांकेतिक शब्दांनी नवा शिक्षक आणि पाहुणा पालक दोघेही गोंधळतात. धोका लांब असेल आणि वाट मोकळी असेल तर बाहेर पडा, आवारापासून दूर जा. जवळ असेल तर दार लावा, बाके आड लावा, दिवे बंद करा, मोबाइल मुका करा, दारासमोरून बाजूला बसा. दुसरा इलाजच उरला नाही तर मोठ्यांनी मिळून हाती येईल त्याने प्रतिकार करायचा. पोलीस आत आले की हात रिकामे आणि वर ठेवायचे, त्यांना बिलगायचे नाही. आणि ही घोषणा करण्याचा अधिकार शिपायापासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाला असला पाहिजे. घोषणा चुकीची ठरली तरी तिच्यासाठी कोणाला कारणे दाखवा नोटीस मिळणार नाही, हे लेखी दिले तरच तो अधिकार खरा.

तिसरी गोष्ट रक्ताची. मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. बांबोळी तोवर दूरच असते. जखमेवर कापडाने घट्ट दाब देऊन धरणे प्रत्येक शिक्षकाला, शाळेच्या बालरथ बसच्या चालकाला आणि त्यावरच्या सहायकालाही यायला हवे. अपघात, सुरीहल्ला, गोळी, तिन्हींना हे एकच शिक्षण उपयोगी पडते.

चौथी गोष्ट पालकांची. मे 2024 मध्ये दिल्लीच्या शंभराहून अधिक शाळांना बाँबच्या धमकीचे खोटे ईमेल आले आणि पालक शाळांच्या दारांशी धावले. धावणारच. पण पेडण्याच्या अरुंद रस्त्यावर शंभर स्कूटर उभ्या राहिल्या तर रुग्णवाहिका पोचणार कशी? मूल कुठे ताब्यात मिळेल ती जागा, मग ते पंचायत सभागृह असो किंवा देवळाचा सभामंडप, पालक-शिक्षक संघाच्या पहिल्याच बैठकीत सांगून ठेवावी. हजेरीपट पाहून मूल सोपवावे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच माणसाने माहिती द्यावी.

सराव जरूर व्हावा, पण तमाशा नको. खोटा बंदूकधारी, फटाक्यांचे आवाज, लाल रंग फासलेली मुले, असल्या देखाव्याविरुद्ध अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्येच इशारा दिला आहे. लहान मुलांना एवढेच पुरे की बाई सांगतील तेव्हा दार लावून शांत बसायचे. प्रसंगांचा अभ्यास मोठ्यांनी करावा. 7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली, भोंगे वाजले, छायाचित्रे निघाली. त्यातून वर्गाच्या किती कड्या दुरुस्त झाल्या, हे तपासायला हरकत नाही. डिसेंबर 2014 मध्ये पेशावरच्या लष्करी शाळेत 130 हून अधिक मुले मारली गेल्यानंतर केंद्रानेही राज्यांना शाळांच्या सुरक्षेची कार्यपद्धती पाठवली होती. ती किती मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोचली?

या सगळ्याच्याही आधीची पायरी ऐकण्याची आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने शाळांतल्या 37 हल्ल्यांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला. दहापैकी आठ हल्ल्यांत कुणाला तरी, बहुधा सोबतच्याच मुलाला, आधी कुणकुण होती. आपल्याकडे अशी कुणकुण सांगणाऱ्या मुलाला चहाडखोर ठरवतात, आणि रागाने धुमसणाऱ्या मुलाला निलंबित करून घरी पाठवले की प्रकरण मिटले असे मानतात. समुपदेशकाला त्याच्याशी बोलायला तास मिळाला आणि सांगणाऱ्याचे नाव गुप्त राहिले, तर बहुतेक संकटे फाटकापर्यंत येणारच नाहीत.

म्हणून शिक्षण खात्याकडे आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक संस्थेने एका पानावर चार गोष्टी लिहाव्यात: घोषणा कोण करू शकतो, दारे आतून लागतात का, मुले पालकांना कुठे मिळतील, जवळचे पोलीस आणि आरोग्य केंद्र कोणते. हे पान स्थानिक पोलीस स्थानकाने आणि अग्निशमन केंद्राने प्रत्यक्ष आवारात येऊन तपासावे, आणि सरपंचांकडे त्याची एक प्रत असावी. त्या पानाच्या शेवटी खात्याच्या संचालकांच्या सहीने एक वाक्य छापलेले हवे: मुलांच्या जिवाला धोका दिसताच कोणत्याही कर्मचाऱ्याने परवानगीविना योग्य ती कृती करावी, खाते त्याच्या पाठीशी उभे राहील. कुलथे आणि झेंडे यांच्याकडे असे पान नव्हते. त्यांनी ते धैर्य आपल्या पदरचे खर्च केले. आपल्या शिक्षकांवर तशी वेळ आलीच, तर निदान खात्याच्या भीतीवर मात करण्याचा भार तरी त्यांच्यावर नसावा.