अभ्यासिकेबाहेरचा विद्यार्थी

‘तत्त्वज्ञान घेऊन पुढे करणार काय?’ हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी विचारला गेला असेल. त्यातून मुलगा कविता लिहितो, नाटकात काम करतो असे कळले की वडिलांच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजावे. अशा घरी सांगण्याजोगी एक हकीकत आज आपणापुढे ठेवीत आहे.

१९११ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात २३ वर्षांचा एक तरुण डॉक्टरेटसाठी तत्त्वज्ञानाचा अभ्यास करू लागला. चार्ल्स लॅनमन यांच्यापाशी तो संस्कृत व पाली शिकला. जेम्स वुड्स यांच्याकडे त्याने पतंजलीची योगसूत्रे अभ्यासली. प्रबंधासाठी मात्र त्याने ब्रॅडली या इंग्रज तत्त्वज्ञाचा ज्ञानविचार निवडला. तरी तो केवळ ग्रंथांत बुडालेला नव्हता. स्वभावाने लाजाळू असूनही तो मुष्टियुद्धाचे धडे घेई, हौशी नाट्यप्रवेशांत भूमिका करी. आणि १९११ मध्येच पुरी केलेली एक दीर्घ कविता त्याच्या कागदांत पडून होती.

१९१४ साली तो युरोपात गेला आणि महायुद्ध पेटले. पुढील अभ्यास ऑक्सफर्डला झाला. १९१५ साली ती कविता प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी त्याने इंग्लंडमध्ये विवाह केला व चरितार्थासाठी शाळेत शिक्षकाची नोकरी धरली. १९१६ साली प्रबंध हार्वर्डला पोचला, पसंतही पडला. परंतु युद्धकाळात समुद्र ओलांडून तोंडी परीक्षेस जाणे घडले नाही. पदवी राहिली ती कायमचीच. १९१७ पासून तो लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरी करू लागला. मुलाने प्राध्यापक व्हावे ही आईवडिलांची इच्छा तशीच राहिली. १९१९ साली वडील वारले.

हा विद्यार्थी म्हणजे कवी टी. एस. एलियट. १९२२ साली त्यांचे ‘द वेस्ट लँड’ हे काव्य प्रसिद्ध झाले. प्रजापतीने देव, मनुष्य व असुर या तिघांना एकाच ‘द’ अक्षराने उपदेश केल्याची बृहदारण्यक उपनिषदातील कथा त्याच्या अखेरच्या भागात आली आहे, आणि समाप्ती शांतिपाठाने झाली आहे. १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९६४ साली तो जुना प्रबंध ग्रंथरूपाने निघाला, तेव्हा आता आपल्यालाच तो समजत नाही, अशी कबुली त्यांनी प्रस्तावनेत देऊन टाकली!

म्हणून तो अभ्यास वाया गेला काय? वर्गात शिकलेले संस्कृत कवितेत उतरले, आणि ज्या कवितेला कोणी अभ्यास म्हटले नसते तिनेच आयुष्याला दिशा दिली. यातील अभ्यास कोणता आणि फावल्या वेळचा छंद कोणता, हे त्या वेळी कोणास सांगता आले असते? वडिलांना तर पुढचे काही पाहावयासच मिळाले नाही.

वाचकहो, आपल्या मुलाच्या वह्यांत एखादी वही अभ्यासाची नाही असे आढळले, तर रागावण्यापूर्वी ती त्याच्याकडून एकदा मागून घ्यावी आणि वाचावी.