प्रत्येक फेकीला गुण कशाला?

मनगटावरचं घड्याळ बॅडमिंटनचे फटके मोजतं, फोनचा कॅमेरा उठाबशीतला गुडघ्याचा कोन सांगतो. हेच पीटीच्या तासाला आणा, मुलं स्वतःची स्वतः शिकतील, असा उत्साही सूर हल्ली ऐकू येतो. स्वतःची? दर फटक्यानंतर स्क्रीनकडे मान वळवणारं पोर आपल्या खांद्याला, मनगटाला काही विचारतच नाही. त्याला निकाल आयता मिळतो.

हे जुन्या पीटी-मास्तरांचं रडगाणं समजू नका. १९९० साली विनस्टीन आणि श्मिट यांनी हाताची एक नवी हालचाल शिकवताना एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर चूक किती ते सांगितलं. दुसऱ्याला निम्म्याच वेळा, तेही हळूहळू कमी करत. पुढे काहीच न सांगता चाचणी घेतली, तेव्हा निम्म्यावर भागवलेला गट सरस ठरला. सायकल शिकवणारा दादा सीट सोडतच नसेल तर तोल कोण शिकणार?

मग व्हिडिओ, सेन्सर फेकून द्यायचे? मुळीच नाही. १९९७मध्ये जॅनेल आणि सहकाऱ्यांनी नेहमीचा हात सोडून दुसऱ्या हातानं चेंडू फेकायला शिकवलं. व्हिडिओ कधी बघायचा हे ज्यांनी स्वतः ठरवलं, त्यांची फेक जास्त सुधारली. (अशा निवडीचा फायदा वाटला होता त्याहून बराच लहान असावा, असं अलीकडची विश्लेषणं म्हणतात. मान्य. पण दर वेळी टोकणाऱ्या ॲपची बाजू त्यानं बळकट होत नाही.)

त्याच वर्षी झिमरमन आणि किट्सांटास यांनी ९० शाळकरी मुलींना डार्ट फेकायला शिकवलं. आधी हाताच्या हालचालीकडे लक्ष, ती अंगवळणी पडल्यावर मग गुणांकडे, या क्रमानं गेलेल्या मुली सर्वांत पुढे होत्या. पहिल्यापासून गुणांमागे लागलेल्या मागे पडल्या. स्वतःची नोंद स्वतः ठेवण्याचाही फायदा दिसला. आपली ॲप्स मात्र पहिल्या फेकीपासून गुण, बॅज आणि वर्गाची क्रमवारी समोर नाचवतात, कारण त्यानं आपण ॲप पुन्हा उघडतो. त्यांचा धंदा त्यावर चालतो. शाळेचा नाही.

शाळेनं ॲप विकत घेण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारावं: आकडा दाखवण्याआधी तुमचं यंत्र मुलीला "कशी गेली, तूच सांग" असं विचारतं का? आणि तिला नको असेल तेव्हा ते गप्प बसतं का?