विमानाची उजवी बाजू

आमच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात पूर्वी डिनर सेट असायचा. बेगमच्या जहेजातला, निळ्या फुलांचा, वर्षातून दोनदा ईदला खाली उतरणारा. आता तो स्वयंपाकघराच्या माळ्यावर आहे आणि त्याच्या जागी विमानतळ आहे. या बदलाची परवानगी कशी मिळाली, हा वेगळा विषय आहे. त्यावर पुन्हा कधीतरी लिहू.

विमानतळ म्हणजे काय, तर करड्या रंगाचा एक पुठ्ठा, त्यावर पांढऱ्या-पिवळ्या रेघा, दोन विमानं आणि एकोणीस गाड्या. पाहुणे आले की विमानं बघतात. "वा, किती हुबेहूब!" म्हणतात. आम्ही मान डोलावतो आणि मनातल्या मनात म्हणतो, अहो, विमान काय, कुणीही विकत घेईल. जरा खाली बघा.

आमचा शौक खालचा आहे. विमानाला मागे ढकलणारा टग, सामानाच्या ट्रॉल्या ओढणारा छोटा ट्रॅक्टर, पोटात बॅगा चढवणारा बेल्ट लोडर, इंधनाची गाडी, जेवणाची गाडी, शिड्या, आगीचा बंब. उर्दूत विमानतळाला हवाई अड्डा म्हणतात. मराठीत 'अड्डा' म्हटलं की लोकांना जुगार आठवतो, म्हणून वर्गात आम्ही हा शब्द जपून वापरतो. पण मराठीतला 'तळ' आम्हाला फार आवडतो. तळालाच तर सगळं काम चालतं.

या शौकातली पहिली अडचण प्रमाणाची. जगभर विमानांच्या प्रतिकृती जमवणारे बहुतेक लोक १:४०० किंवा १:२०० या मापात जमवतात. हर्पा या जर्मन कंपनीची १:५०० मापाची विमानंही खूप खपतात. बोइंग ७४७-४०० खरं साधारण ७०.७ मीटर लांब असतं. ४०० ने भागलं की पावणेअठरा सेंटीमीटर होतं, कपाटात छान बसतं. पण सामान ओढणारा ट्रॅक्टर असतो जेमतेम तीन मीटरचा. त्याला ४०० ने भागा. साडेसात मिलिमीटर! तांदळाच्या दाण्याएवढा. तो हरवला की सापडत नाही, शिंक आली की उडतो, आणि झाडूबरोबर केरात जातो. सहावीच्या वर्गाला गुणोत्तर-प्रमाण शिकवताना आम्ही आता आगगाडी आणि बोगदा सोडून हेच उदाहरण देतो.

म्हणून नवशिक्या माणूस काय करतो, तर दुकानात मिळेल ती गाडी आणतो. आम्हीही तेच केलं. मुंबईच्या चोरबाजारात जुम्म्याच्या दिवशी मटण स्ट्रीटची मोठी दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर चादरी पसरून बसणारे असतात. तिथे एका चादरीवर, तुटक्या कॅमेऱ्यांच्या आणि पितळी नळांच्या ढिगात, आम्हाला मॅचबॉक्सचा लाल रंगाचा विमानतळावरचा बंब मिळाला. शिडी गायब, एक चाक वाकडं. दोनशे रुपये दिले आणि वाटलं, लुटला बिचाऱ्याला.

मॅचबॉक्सची गोष्ट आम्हा मास्तर लोकांना आवडेल अशी आहे. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांची मुलगी ज्या शाळेत जायची, तिथे नियम होता की काड्यापेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. बापाने मग पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला. मैत्रिणींनाही तो हवासा झाला आणि त्यातून १९५३ साली या गाड्यांची मालिका सुरू झाली. शाळेच्या नियमातून कारखाना उभा राहिल्याचं दुसरं उदाहरण आम्हाला माहीत नाही. विमानतळावरच्या गाड्या त्यांनी लवकरच काढल्या. ब्रिटिश युरोपियन एअरवेजची निळी बस १९५८ ची आहे. १९८२ मध्ये लेस्नीचं दिवाळं निघालं, नाव मात्र दुसऱ्यांच्या हाती जिवंत राहिलं. पण या गाड्यांना एक माप नव्हतं. सगळ्या काड्यापेटीएवढ्या करायच्या, मग खरी गाडी केवढीही असो. त्यामुळे आमचा बंब १:४०० च्या विमानाशेजारी ठेवला की बंब हत्तीएवढा आणि विमान बकरीएवढं.

ते दृश्य पहिल्यांदा अब्बांनी पाहिलं. अस्रनंतरचा चहा घेत ते कपाटापाशी आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ही गाडी आग विझवायला आलीय की विमान गिळायला?"

इथे वाचकांना एक सांगायला हवं, जे आम्ही आजवर या सदरात लिहिलेलं नाही. आमचे अब्बा १९७७ पासून कुवेतला होते. विमानतळावर. सामानाचा ट्रॅक्टर चालवायचे. कोकणातल्या आमच्या गावातून तेव्हा प्रत्येक दुसऱ्या घरातला माणूस आखाती देशात होता आणि कोण तिथे नेमकं काय करतो, हे कुणी फार विचारत नसे. 'बाहेर असतात' एवढं पुरे असे. चौथीत असताना गुरुजींनी मात्र एकेकाला उभं करून विचारलं. आम्ही म्हणालो, "विमान चालवतात."

वर्ग थक्क झाला. गुरुजींनी पाठ थोपटली. त्या वर्षी अब्बा सुट्टीवर आले तेव्हा बाजारात चहाच्या टपरीवर कुणीतरी त्यांना "या पायलटसाहेब" म्हणाला. घरी येऊन ते आम्हाला एक अक्षर बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. जाताना नेहमीप्रमाणे डोक्यावर हात ठेवला आणि गेले. त्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नव्हतं. ट्रॉली जोडताना खिळीत सापडून ते गेलं होतं. आम्ही ते बोट पाहिलं आणि तरीही शाळेत खरं सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी, २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौज कुवेतमध्ये शिरली. विमानतळ बंद पडला. अब्बा इतर हजारोंसारखे बगदादमार्गे जॉर्डनला पोहोचले, तिथल्या छावणीत उन्हात दिवस काढले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आले. ५९ दिवसांत एअर इंडियाने ४८८ फेऱ्या मारून लाखाहून अधिक माणसं आणली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला आठवतात ते दाढी वाढलेले अब्बा, हातात एक प्लास्टिकची पिशवी. तेरा वर्षं लोकांच्या बॅगा वाहिलेला माणूस, आणि स्वतःची बॅग कुवेतच्या खोलीत राहिलेली. नंतर ते परत गेले नाहीत. गावात किराणा दुकान काढलं. कुवेतबद्दल बोलायचे ते फक्त खजूर आणि उन्हाळ्यापुरतं.

आम्ही गाड्या जमवायला लागलो ते अब्बांसाठी, असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. विमानाची एक प्रतिकृती बक्षीस मिळाली, तिच्याशेजारी काही असावं म्हणून सुरुवात झाली. मग हर्पा आणि जेमिनीजेट्स यांचे गाड्यांचे तयार संच असतात हे कळलं, आणि कुणी दुबईहून येणार असेल तर आम्ही खजुरांऐवजी तेच सांगायला लागलो. वाचता वाचता मात्र गुंतत गेलो. उभ्या विमानाला वीज पुरवणारी गाडी ११५ व्होल्टची, सेकंदाला ४०० आवर्तनांची वीज देते. आपल्या घरातली ५० आवर्तनांची असते. आवर्तनं जास्त असली की रोहित्रं आणि मोटारी हलक्या करता येतात, आणि विमानात प्रत्येक किलोला किंमत. मोठ्या विमानतळांवर इंधन जमिनीखालच्या नळांतून येतं, त्यामुळे तिथल्या इंधनाच्या गाडीला टाकीच नसते. नळी, गाळणी आणि मीटर एवढंच. आम्ही प्रत्येक विमानाला मोठा टँकर लावून ठेवला होता. पिण्याचं पाणी भरणारी गाडी आणि संडासाची टाकी उपसणारी गाडी एकमेकींपासून लांब ठेवायची, हेही तेव्हाच कळलं. ते आमच्या अम्मीला न सांगताच कळलं असतं.

आमचं विमान सगळ्यांप्रमाणे तोंड डावीकडे करून ठेवलेलं होतं. म्हणजे बघणाऱ्याला त्याची डावी बाजू दिसते. शिडी लावलेली, दार उघडं. एके दिवशी आम्ही शाळेतून आलो तर दोन्ही विमानं उलटी फिरवलेली. आम्हाला वाटलं, धाकट्याचा उद्योग. आवाज चढवला. तर खुर्चीतून अब्बा म्हणाले, "मी फिरवली. माझी बाजू ही."

आणि मग ते बोलायला लागले. प्रवासी नेहमी डाव्या बाजूने चढतो. म्हणून डावीकडे शिडी किंवा बोगदा. सामानाच्या कोठारांची दारं उजवीकडे, जेवणाची गाडीही उजव्या दाराला लागते. एकाच वेळी काम चालावं आणि माणसं गाड्यांखाली येऊ नयेत, म्हणून. "तेरा वर्षं मी विमानाची उजवी बाजू बघितली. डावीकडून पहिल्यांदा नोकरीला जाताना चढलो, सुट्टीला चढलो, आणि शेवटी अम्मानला."

त्या संध्याकाळी मगरिबपर्यंत आमचा सगळा विमानतळ नव्याने मांडला गेला. ट्रॅक्टरमागे आम्ही सहा ट्रॉल्या जोडल्या होत्या, शोभेसाठी. त्यांनी दोन काढल्या. "चार बस. जास्त जोडल्या की वळणावर शेपूट आत येते आणि कोपऱ्यातल्या माणसाला घेते." विमानाच्या नाकासमोरचा बेल्ट लोडर मागे घेतला. विमान थांबलं म्हणून लगेच जवळ जायचं नाही. इंजिनं बंद व्हायला हवीत आणि पोटाखालचा लाल लुकलुकता दिवा विझायला हवा. तोवर रेघेच्या मागे. नवीन आलेल्या पोरांना ते हात धरून मागे खेचायचे म्हणे. चालत्या इंजिनासमोर माणूस ओढला जातो. हे सांगताना त्यांचा तो अर्ध्या बोटाचा हात आपोआप धाकट्याच्या दंडावर गेला होता.

धाकट्याने विचारलं, "दादा, तुम्ही कोणती गाडी चालवायचात?" त्यांनी कपाटातल्या सगळ्या गाड्या पाहिल्या आणि मान हलवली. "यात नाही ती."

खरंच नव्हती. संचातले ट्रॅक्टर आजच्या धाटणीचे आहेत, बंद केबिनचे. अब्बांचा उघडा होता. वर छत नाही, एका माणसाची बसायची जागा, पुढे लांब नाक. रंग मुळात पिवळा, "पण धुळीने कधी दिसायचा नाही." आम्ही बरेच दिवस शोधला. शेवटी खोडरबराचा तुकडा, खोक्याचा पुठ्ठा आणि बारीक मणी घेऊन रविवारी दोघे बापलेक बसलो. साडेसात मिलिमीटरमध्ये स्टिअरिंग करणं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच कळेल. केसाएवढ्या तारेचं कडं केलं. चौथा ट्रॅक्टर जरा जमला. अब्बांनी तो तळहातावर घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "सीट उजवीकडे सरकव. मागे वळून ट्रॉल्या बघायला लागतं."

जर्मनीत हॅम्बुर्गला 'मिनिआटुर वुंडरलांड' नावाचं प्रदर्शन आहे. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी ते २००१ मध्ये सुरू केलं. तिथे मे २०११ मध्ये क्नुफिंगन नावाचा काल्पनिक विमानतळ उघडला. तो तयार व्हायला सहा वर्षं लागली. माप १:८७. विमानं लपवलेल्या दांड्यांवर खरोखर वर उचलली जातात, पण आमच्या डोळ्यात भरतात त्या गाड्या. विमान जागेवर आलं की आपापल्या ठिकाणाहून निघतात आणि काम उरकून परततात. रस्त्याखाली तार पुरायची आणि गाडीच्या पुढच्या चाकांना जोडलेल्या चुंबकाने ती तार धरून चालायचं, अशी ही युक्ती आहे. आम्ही त्याची चित्रफीत मोबाइलवर अब्बांना दाखवली. तीनदा बघितली. मग म्हणाले, "चालवणारा दिसत नाही एकाही गाडीत."

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत पालकांचा मेळावा होता. मुलांच्या प्रदर्शनात आम्ही कपाटातला विमानतळ नेऊन मांडला, उजवी बाजू पुढे करून. एक पालक म्हणाले, "सर, विमान उलटं ठेवलंय." आम्ही त्यांना खोडरबराचा ट्रॅक्टर दाखवला आणि सांगितलं की अशी गाडी आमचे वडील कुवेतला चालवत. पस्तीस वर्षांहून जास्त उशीर झाला होता. आमचे ते गुरुजी आता हयात नाहीत. अब्बा मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही; ते शेजारच्याशी भाताच्या लावणीबद्दल बोलत होते.

वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर जुन्या धातूच्या गाड्या असतील तर एक विनंती: त्या रंगवू नका. रंग उडालेली गाडी तशीच बरी, आणि खोकं असेल तर फेकू नका. काही फार जुन्या गाड्यांचा धातू आतून भुसभुशीत होतो, बारीक भेगा पडतात. अशी गाडी इतरांपासून वेगळी ठेवा आणि फार हाताळू नका, नाहीतर तुकडे हातात येतात.

अब्बांची यादी अजून संपलेली नाही. शंकू हवेत, पंखांच्या टोकांपाशी. ते मोहरीएवढे कागदाचे झाले. त्यानंतर चाकांखालचे चोक हवेत म्हणाले. आम्ही म्हटलं, अब्बा, एक मिलिमीटरही नाही होत ते, कुणाला दिसणार आहेत? तर म्हणाले, "चोक लावल्याशिवाय मी ट्रॅक्टर पुढे नेणार नाही." आम्ही टूथपिक ब्लेडने कापून आठ केले. पाच लागले. तीन बहुधा बेगमच्या झाडूत गेले, कारण सकाळी अब्बांनी ट्रॅक्टर रेघेच्या मागे नेऊन ठेवला होता.