हत्याराची पारख

आमच्या एका वाचकांनीं पत्रानें विचारलें आहे कीं, घरांतील किरकोळ दुरुस्ती व मोटारसायकलीची नित्याची देखभाल यांसाठीं कोणत्या छापाचीं हत्यारें घ्यावीं? "बाजारांत नांवें पुष्कळ आहेत, त्यांतलें एक सांगा, म्हणजे सुटलों," असें ते लिहितात. एक नांव सांगून त्यांस सोडविणें आम्हांस कठीण नव्हतें. परंतु कांहीं महिन्यांपूर्वीं वारंगा फाट्यावर आम्हांस जो धडा मिळाला, त्यानंतर नुसतें नांव सांगून मोकळें होण्यास मन घेत नाहीं. तेव्हां आधीं तो धडा सांगतों.

वारंगा फाटा हें ठिकाण हिंगोली जिल्ह्यांत कळमनुरी तालुक्यांत आहे. नांदेडहून येणारा रस्ता येथें दुभंगतो. एक वाट हिंगोलीवरून अकोल्याकडे जाते, दुसरी हदगांव-उमरखेडवरून यवतमाळ व नागपूर गांठते. त्यामुळें येथें वाहनांची वर्दळ अष्टौप्रहर. फाट्यावरील खिचडीचा लौकिक तर प्रवाशांच्या तोंडीं आहेच. आम्ही पुतण्याच्या मोटारसायकलीवर मागें बसून नामदेवरायांच्या नर्सीस निघालों होतों. फाटा थोडा दूर असतांना चेन सैल पडून खडखडूं लागली. पुतण्या पदवीधर व हौशी. त्यानें गाडी लिंबाखालीं लावली आणि नव्या कोऱ्या पेटींतून पाना काढला. चाळीसएक हत्यारांची ती पेटी त्यानें एका पाना-दोन पान्यांच्या किंमतींत मिळविली होती, व त्याचा त्यास अभिमानहि होता.

चेन ताणावयाची तर मागच्या चाकाच्या आंसाचा नट आधीं सैल करावा लागतो. पुतण्यानें जोर लावला, तों पान्याचा जबडा फांकला व नटावरून घसरला. दुसऱ्यांदा घसरला, तिसऱ्यांदा घसरला. आणि पाहतों तों नटाचे सहाहि कोपरे जाऊन तो गुळगुळीत झालेला! पुतण्याच्या बोटांचीं सालें निघालीं तीं वेगळींच. अखेर खडखडत, हळूहळू आम्ही फाटा गांठला.

तेथील मिस्त्री वयानें पुतण्याएवढाच. त्यानें नट तारेच्या ब्रशानें साफ केला, तेलाचे दोन थेंब सोडले, एक घट्ट सहाकोनी गोटी हातोडीनें नटावर ठोकून बसविली आणि लांब दांडा लावून एका दमांत नट सोडविला. नवा नट घातला, चेन ताणली, आणि पैसे घेतांना आम्हांकडे वळून म्हणाला, "काका, पान्याचे पैसे वांचवले, ते नटानं घेतले."

त्याच्या भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे आमचें लक्ष गेलें. सारे एका छापाचे नव्हते. कांहींवर नाशिकची छाप होती, कांहींवर जालंदरची, दोनचार तर इतके झिजलेले कीं अक्षरेंच बुजलीं होतीं. आम्ही विचारलें, "मग तूं घेतांना काय पाहतोस?" तो म्हणाला, "नांव बी बघतो, अन् नटावर बसवून बी बघतो." आमच्या वाचकांच्या प्रश्नाचें उत्तर या एका वाक्यांत आलें आहे. त्याचे दोन भाग आम्ही क्रमानें उलगडून सांगतों.

प्रथम नांवाविषयीं. गांवच्या लोहारास आपण 'विळ्याला पाणी दे' असें सांगतों. पोलाद तापवून विझविणें व पुन्हा बेतानें तापविणें, हेंच तें पाणी. तें कमी पडलें तर पान्याचा जबडा मऊ राहून फांकतो. अधिक झालें तर पाना कांचेसारखा तडकतो. हें पाणी डोळ्यांस दिसत नाहीं. दुकानांत नवे दोन पाने सारखेच चकाकतात, आणि दोहोंवर 'क्रोम व्हॅनेडियम' हीं अक्षरेंहि असूं शकतात. अक्षरें कोरण्यास कांहींच लागत नाहीं. हजार पान्यांस एकसारखें पाणी देण्यास मात्र भट्टी, शिस्त व अब्रूची चाड लागते. नांवाजलेल्या छापास आपण जे चार पैसे अधिक देतों, ते या न दिसणाऱ्या पाण्याबद्दल देतों.

असे छाप आपल्या देशांत आहेत. आपल्या नाशिकजवळ सातपूर येथें टपारियाचा कारखाना आहे. १९६९ सालीं स्वीडनमधील एका कारखान्याच्या तांत्रिक साहाय्यानें या मंडळींनीं हत्यारें करावयास आरंभ केला. पंजाबांतील जालंदर व लुधियाना हीं तर हातहत्यारांचीं माहेरघरें. तेथील माल परदेशींहि जातो. राजस्थानांत नागौरचें नांव आहे. अमेरिकेच्या स्टॅन्लेचें घराणें १८४३ पासूनचें. त्याचीं हत्यारें शहरांतील बहुतेक मोठ्या दुकानांत दिसतात. घरगुती कामास नाशिकचा किंवा जालंदरचा प्रतिष्ठित छाप पुरेसा आहे. अधिक महाग विलायती हत्यार ज्याचा चरितार्थ त्यावर चालतो त्यानें घ्यावें. मात्र नामांकित छापाची नक्कलहि बाजारांत येते. म्हणून नांव कागदी चिठ्ठीवर नव्हे, तर हत्यारांतच ठसविलेलें पाहावें, भारतीय मानकाचा क्रमांक आहे का तें पाहावें (पक्कडीस तो ३६५०, दुतोंडी फिक्स पान्यास २०२८), आणि पावती देणाऱ्या दुकानदाराकडूनच माल घ्यावा.

आतां मिस्त्रीच्या वाक्याचा दुसरा भाग. पाना कितीहि थोर घराण्याचा असो, तो नटावर नीट बसत नसेल तर व्यर्थ होय. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. रिंग पाना अगर गोटी सहाहि कोपऱ्यांस आधार देते. म्हणून घट्ट नट प्रथम रिंग पान्यानें सोडवावा व सैल झाल्यावरच फिक्स पान्यानें फिरवावा. एवढा एक नियम पाळला तरी निम्मे नट वांचतील. पुतण्याचा पहिला दोष पेटीचा होता. दुसरा, रिंग सोडून फिक्स पाना घेण्याचा, हा त्याचा स्वतःचा होता.

मोटारसायकलीवरील बहुतेक नट ८, १०, १२, १४, १७ व १९ या मापांत येतात. कांहीं गाड्यांस १३ चें माप लागतें. बाजारांत पाने ८-९, १०-११, १२-१३ असे जोडीनें येतात, त्यामुळें सहासात पान्यांत काम भागतें. जुन्या बुलेट गाड्यांचें माप मात्र इंग्रजी असे. तेथें मिलिमीटरचा पाना बळेंच बसविल्यास कोपरे गेलेच म्हणून समजावें. प्लग काढण्याचा पाना गाडीगणिक १६ चा किंवा २१ चा असतो, तेव्हां तो आपल्या प्लगाशीं ताडून घ्यावा.

लहान पाना आंखूड कां असतो, याचा विचार पुष्कळांनीं केलेला नसतो. १० नंबरच्या सामान्य बोल्टास सुमारें एक किलोग्रॅम-मीटर एवढा पीळ पुरतो. वीतभर लांबीच्या पान्यावर तो हाताच्या साध्या जोरानेंच मिळतो. पान्याच्या शेपटींत पाइप खुपसून जोर वाढविला, कीं इंजिनाच्या ॲल्युमिनियमांतील आटे जातात, आणि मग दहा रुपयांच्या बोल्टापायीं अख्खें झांकण बदलावें लागतें. पान्याची लांबी हीच त्याची मर्यादा आहे.

पेचकसाविषयीं एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. चौफुलीच्या स्क्रूचा जो प्रकार जगभर पसरला, तो अमेरिकेंतील हेन्री फिलिप्स यांनीं १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणला. जपानी गाड्यांवरील चौफुली दिसावयास तशीच, परंतु घडण किंचित् निराळी. पुष्कळदां तिच्या माथ्यावर एक बारीक ठिपका असतो. १९८५ मध्यें हिरो होंडाची पहिली गाडी रस्त्यावर आली, त्याच सुमारास वाळूजला बजाजचा कारखाना निघाला व पुढें कावासाकीच्या साहाय्यानें मोटारसायकली निघाल्या; तेव्हांपासून जपानी घडणीचे स्क्रू आपल्या दारांत आले. त्यांवर साधा फिलिप्स पेचकस उसळून बाहेर येतो व चौफुली खरवडून टाकतो. जपानी मापाचा एक पेचकस मिळाल्यास अवश्य घ्यावा. न मिळाल्यास टोंक पूर्ण बसेल असाच निवडावा, आणि फिरविण्यापेक्षां दाबण्यावर अधिक भर द्यावा.

घरांतील कामास तीन हत्यारें मुख्य: पक्कड, स्लाय पाना व टेस्टर. स्लाय पाना अशा बाजूनें ओढावा कीं जोर त्याच्या न हलणाऱ्या जबड्यावर पडेल. आणि चकचकीत नळावर तो लावतांना मध्यें फडकें घालावें. पक्कडीविषयीं मात्र आम्ही निक्षून सांगतों. तिच्या मुठीवरील प्लास्टिक हें पकडण्याच्या सोयीसाठीं असतें, विजेपासून रक्षण करील असें नव्हे. ज्या पक्कडीवर '१००० व्होल्ट' ही छाप व दुहेरी त्रिकोणाची खूण आहे, तीच विजेच्या कामाची. आणि तीहि मुख्य बटण बंद करूनच वापरावी. येथें स्वस्ताईचा मोबदला नटाच्या कोपऱ्यांत नव्हे, जिवांत मोजावा लागतो.

आतां शेवटचें, आणि थोडें आपल्याच घराविषयीं. आपल्या पांढरपेशा घरांत पुस्तक विकत घेतांना चार ठिकाणीं चौकशी होते. हत्यार मात्र रस्त्यावर मिळेल तें येतें, कारण तें आपलें नव्हे, अशी एक जुनी समजूत खोल बसली आहे. हाताचें काम दुसऱ्या जातींचें म्हणून बाजूस ठेवल्यानें आपली अब्रू वाढली नाहीं, आपले हात मात्र आंधळे झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. सायकलींचा धंदा त्यांनीं व त्यांच्या वडील बंधूंनीं बेळगांवांत मांडला. पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. प्रत्येकानें कारखाना काढावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु फाट्यावरील त्या मुलानें आमच्या पदवीधराची चूक दोन मिनिटांत सुधारली, तेव्हां पुतण्याची मान खालीं गेली ती नटापायीं नव्हे, हें त्याच्या चेहऱ्यावरून आम्हांस दिसत होतें. खिचडी खातांना तो म्हणाला, "काका, ही पेटी मी कुणाला देऊन टाकूं?" आम्ही म्हटलें, "देऊं नकोस. दुसऱ्याचे नट तरी कां बिघडवावे?"

ती पेटी मोडींत गेली. तिच्या जागीं आतां एका जाड कापडी पिशवींत सहा रिंग पाने, तितकेच फिक्स पाने, प्लगाचा पाना, दोन पेचकस, एक पक्कड, एक स्लाय पाना, एक हातोडी व एक टेस्टर एवढीं हत्यारें आहेत. तीं एकदम घेतलीं नाहींत. दर महिन्यास एकदोन अशीं जमविलीं. पावसाळ्यांत तीं पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवतात, व दहा वर्षांची पुतणीहि पाने मापाप्रमाणें ओळखते.

आमच्या पत्रलेखकांनींहि असेंच करावें. छाप नाशिकचा असो कीं जालंदरचा. पहिला पाना घ्यावयास दुकानांत जातांना आपल्या गाडीवरील मापाचा एक नट खिशांत असूं द्यावा, आणि तो पान्यांत बसवून पाहिल्याखेरीज पैसे काढूं नयेत.